जरा बसून बघा

सेकंडहँड मोटार घ्यायची असेल तर ती गोष्ट घरातल्या घरातसुद्धा मोठ्यानं बोलू नये, असं माझं आता अनुभवान्ती मत झालं आहे. नवी मोटार घेणाऱ्याला लोक फार तर 'पेढे कुठायत?' एवढंच विचारतात. जुनी घेणाऱ्याकडे पेढे कोणी मागत नाही. त्याला सल्ले देतात. आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये मी हा विचार फक्त एकदा बोलून दाखवला. लिफ्ट चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत मला तीन सल्ले मिळाले होते. एक, जुनी गाडी कधीही घेऊ नये. दोन, नवी गाडी कधीही घेऊ नये. आणि तिसऱ्या मजल्यावर उतरता उतरता एक गृहस्थ म्हणाले, "गाडी हवीच कशाला? रिक्षा काय वाईट आहे?" हे गृहस्थ स्वतः दोन मोटारी बाळगून आहेत आणि त्यांतली एक गेली चार वर्षं माझ्या पार्किंगच्या रेघेवर चाक ठेवून उभी आहे.

वास्तविक मोटारींचा आणि माझा संबंध जुना. फक्त तो कागदोपत्री. मी बँकेत लागलो १९८६ साली. मारुती ८०० रस्त्यावर येऊन तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती आणि मोटारीसाठी कर्जाचा अर्ज घेऊन येणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर मुलीचं लग्न ठरल्यासारखा भाव असायचा. मी त्या अर्जांवर सह्या करायचो आणि संध्याकाळी पीएमटीच्या दांड्याला लोंबकळत घरी यायचो. पुढे पीएमटीची पीएमपीएमएल झाली, माझी बढती झाली आणि २००९ साली आम्ही एक छोटी मोटार घेतली. ती अजून चालते. तिच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती आईच्या गुडघ्यांची.

आई ब्याऐंशी वर्षांची आहे. उंची चार फूट दहा इंच, आवाज मात्र सहा फुटी. आमच्या छोट्या गाडीच्या मागच्या सीटवर बसणं म्हणजे तिला विहिरीत उतरण्यासारखं वाटतं. आणि उठणं म्हणजे विहिरीतून घागर वर काढणं. मी एक हात धरायचा, सौभाग्यवतीनं दुसरा धरायचा आणि 'एक, दोन, तीन' म्हणायचं. एकदा एका लग्नकार्यालयाच्या दारात असं 'एक, दोन, तीन' म्हटलं तेव्हा बँडवाल्यांनी वाजवायला सुरुवात केली. त्या दिवसापासून आईनं मोटारीत बसणं सोडलं.

बसणं सोडलं म्हणजे जाणंही सोडलं. तिचं माहेर श्रीवर्धनचं. श्रीवर्धनची ख्याती दोन गोष्टींसाठी, पेशव्यांचं मूळ गाव म्हणून आणि रोठा सुपारीसाठी. आईच्या मते हा क्रम चुकीचा आहे. माहेरच्या घरामागं पोफळींची बाग होती. 'होती' म्हणायचं कारण, ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ त्याच किनाऱ्यावर चढलं आणि एका दुपारी माडपोफळी उताण्या पडल्या. आई तिथं शेवटची गेली होती ती २०१९ च्या मे महिन्यात. वादळानंतर मामेभावानं नवी रोपं लावली. पोफळीला फळ धरायला पाच-सहा वर्षं तरी जातात. आई फोनवर रोपांची उंची विचारायची, दुष्काळात पावसाची विचारतात तशी. पण 'मला तिकडे ने' असं एकदाही म्हणाली नाही. आमच्या घरात असं सरळ बोलायची पद्धत नाही. ती म्हणायची, "रस्ते फार वाईट झालेत म्हणे ताम्हिणीचे."

२०२५ च्या गणपतीत मामेभावाचा फोन आला. "आत्या, दोन झाडांना फुलोरा धरलाय!" आई "हो का?" म्हणाली आणि मोदकाच्या पाऱ्या करायला वळली. तीन दिवस काही बोलली नाही. चौथ्या दिवशी भाजी निवडता निवडता तिनं विचारलं, "काय रे, मोटार आता थेट अंगणात जाते का तिथं?"

मी समजलो. त्याच रात्री कपाटातून मोजमापाची टेप काढली.

माझा मेहुणा मोटारींतला जाणकार समजला जातो. म्हणजे तो स्वतःच तसं समजतो, पण इतक्या ठामपणे, की बाकीच्यांना निराळं समजायला वाव राहत नाही. त्यानं माझं बौद्धिक घेतलं. बसकी मोटार आईला नको. ती मोठी जीपसारखी गाडीही नको, कारण तिच्यात शिरणं म्हणजे सिंहगड चढणं. "तुम्हाला पाहिजे मधली. मिडसाइज क्रॉसओव्हर!"

क्रॉसओव्हर म्हणजे काय, हे मला त्यानं कांदेपोह्यांच्या बशा मांडून समजावलं. जीपच्या किंवा ट्रकच्या पोटाखाली लोखंडाची वेगळी चौकट असते आणि तिच्यावर वरचा डबा बसवलेला असतो. क्रॉसओव्हरला ती चौकट नसते. मोटारीसारखा सगळा सांगाडा एकच, नुसता उंच केलेला. त्यामुळं दिसते जीपसारखी, वागते मोटारीसारखी. खड्ड्यात हेलकावे कमी, बसायला वाकावं लागत नाही आणि फारसं चढावंही लागत नाही. बहुतेकींची पुढचीच दोन चाकं गाडी ओढतात; मागची दोन नुसती बरोबर येतात. हे ऐकून मला आमच्या शाखेची आठवण झाली.

आता टेपचं काम. आईच्या पलंगाच्या पायांखाली सुतारानं ठोकळे घातले आहेत. त्या पलंगावरून ती कोणाचाही हात न धरता उठते. त्याची उंची मोजली, तेवीस इंच. मग रोज संध्याकाळी सोसायटीत कोणाची गाडी उघडी दिसली की मी जमिनीपासून सीटपर्यंत टेप लावू लागलो. आमची छोटी, अठरा. जीपवजा दांडगी, बत्तीस. मधल्या गाड्या, पंचवीस-सव्वीस. वॉचमननं दोन दिवस हे पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी अध्यक्षांना जाऊन सांगितलं, की साहेबांचं रिटायर झाल्यापासून बरं नाही.

एवढं ठरल्यावर प्रश्न आला पैशाचा. अशा गाडीची नवी किंमत ऐकली आणि माझ्या ग्रॅच्युइटीला घाम फुटला. पण जुन्या गाडीच्या किमतीबद्दल मला बँकेनं एक गोष्ट पक्की शिकवली आहे. विमा कंपन्यांचा एक तक्ता असतो. गाडी सहा महिन्यांची होईपर्यंतच तिच्या किमतीतले पाच टक्के वजा होतात, वर्ष भरेपर्यंत पंधरा, दुसऱ्या वर्षात वीस, तिसऱ्यात तीस, चौथ्यात चाळीस आणि पाचव्यात पन्नास. म्हणजे पाच वर्षांत निम्मी किंमत हवेत जाते आणि ती पहिल्या मालकाच्या खिशातून जाते. पहिला मालक हा माझ्या मते समाजसेवक आहे. त्याचा कुठं तरी पुतळा पाहिजे.

डिझेल की पेट्रोल, यावर मेहुणा आणि मी दोन रविवार भांडलो. तो म्हणे डिझेलच. मी पेन्सिल घेतली. आम्ही वर्षाला फिरणार फार तर पाच हजार किलोमीटर. तेवढ्यात डिझेलनं वाचणार पंधराएक हजार रुपये. आणि तसलीच डिझेलची जुनी गाडी दीड लाखानं महाग. म्हणजे दहा वर्षांनी हिशोब फिटायचा. दहा वर्षांनी आई ब्याण्णव वर्षांची, मी बहात्तरचा, आणि खाजगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते, तेव्हा मोटार पुन्हा पासिंगसाठी आरटीओच्या रांगेत. मी म्हटलं, पेट्रोल!

मग आम्ही बायपासवरच्या एका जुन्या गाड्यांच्या आवारात गेलो. पन्नास-साठ गाड्या उन्हात अशा चकाकत होत्या, की ह्या जुन्या असतील तर नव्या कशाला म्हणतात असा प्रश्न पडावा. पण मी कोकणातल्या बाईचा मुलगा आहे. हापूसची पेटी घेताना वरचा थर बघायचा नसतो, खालचा बघायचा असतो. मेहुण्यानं एका गाडीचा सीटबेल्ट धरला आणि ओढत सुटला. ओढता ओढता पट्ट्याच्या पार शेवटापर्यंत गेला. तिथं एक मातकट रेघ होती. वरचा भाग स्वच्छ, खालचा चहात बुडवून काढल्यासारखा. "पुरातली," तो माझ्या कानात म्हणाला. लोक कार्पेट बदलतात, सीटची कव्हरं बदलतात, अत्तर मारतात. आत गुंडाळून बसलेला पट्टा धुवायचं राहून जातं.

दुसऱ्या गाडीचा आकडा होता बावीस हजार किलोमीटर. पण ब्रेकच्या पेडलचं रबर घासून गुळगुळीत झालेलं आणि स्टिअरिंग जुन्या पितळी कडीसारखं चकचकीत. बावीस हजारांत रबर एवढं झिजत नाही. आकडा मागं नेता येतो, रबर मागं नेता येत नाही. माणसानं केस काळे केले तरी जिना चढताना वय कळतंच.

तिसरी बरी वाटली. मी मागचं दार उघडलं आणि आत जाऊन बसलो. बसलो तो बसूनच राहिलो. विक्रेता तरुण होता. तो थोडा वेळ थांबला, मग काचेतून वाकून म्हणाला, "सर, पुढं या ना. चालवून बघा."

"चालवणार आहेच. आधी बसून बघतो."

"पण मागं काय बघायचंय? पुढं बघा, केवढा स्क्रीन आहे! आणि सनरूफ!" त्यानं बटण दाबलं आणि माझ्या टकलावर बायपासचं ऊन पडलं. चार फूट दहा इंचांच्या बाईला छपरातून डोकं बाहेर काढायचं कधी मनात आलं, तर त्याची सोय झाली होती. नव्हती ती दुसरीच. सीट उंच होती, पण पुढं आखूड. मांडीचा अर्धा भाग अधांतरी. पाठ ताठ, शाळेतल्या बाकासारखी. आणि चाकाच्या वरचा फुगवटा दारात असा आला होता, की पाय आत घेताना गुडघा पुरता मुडपावा लागे. त्या मुलानं मला स्क्रीनच्या तेरा गोष्टी सांगितल्या. गुडघ्याबद्दल त्याला काही सांगता आलं नाही. तो सव्वीस वर्षांचा होता. त्या वयात गुडघा ही काही सांगायची गोष्टच नसते.

परत येताना माझ्या एक गोष्ट लक्षात आली. मोटार सगळे चालवून बघतात. मेहुणा चालवून बघतो, मेकॅनिक चालवून बघतो, मीही चालवून बघितली असती. पण आई उभ्या आयुष्यात मागंच बसत आली. लग्न होऊन पुण्याला आली ती एसटीच्या मागच्या बाकावर. मग नंबर लावून मिळालेल्या स्कूटरवर वडिलांच्या मागं, एका बाजूला पाय सोडून, मांडीवर धाकटी बहीण. मग रिक्षा. मग माझी मोटार. कोणत्याच वाहनाच्या खरेदीच्या वेळी 'तू जरा बसून बघ' असं तिला कोणी म्हटल्याचं मला आठवत नाही. मीही म्हटलं नव्हतं.

महिनाभरानं ओळखीतून एक गाडी कळली. कर्वेनगरात राहणारे एक निवृत्त प्राध्यापक. वय अठ्ठ्याहत्तर. गाडी २०१८ ची, पेट्रोल, एकच मालक, एकतीस हजार किलोमीटर. मी मेहुणा, मेकॅनिक आणि टेप असे तिघांना घेऊन गेलो.

गृहस्थांनी दार उघडलं आणि आधी माझीच चौकशी सुरू केली. काय करता, राहता कुठं, गाडी धुणार कोण, उन्हात लावणार की सावलीत. मुलगी देताना सासरची चौकशी करावी तशी. मेकॅनिक खाली गेला. त्यानं आधी बॉनेटवर हात ठेवला. इंजिन गार होतं, म्हणजे आमच्या येण्याआधी तापवून ठेवलेलं नव्हतं. गार गाडी एका चावीत चालू झाली, मागून निळा धूर नाही. मग खिशातून लोहचुंबक काढून त्यानं दारंखिडक्यांवरून फिरवलं. पत्र्यावर पुट्टीचा जाड थर असला तर चुंबक धरत नाही. ह्यानं सगळीकडं धरलं. फक्त डाव्या बाजूला एक ओरखडा होता. प्राध्यापक म्हणाले, "तो माझाच. खांब तिथंच होता, मी नवीन होतो."

मेकॅनिकला एकच दोष सापडला. त्यानं टायरच्या बाजूवरचे चार आकडे दाखवले, १४१८. म्हणजे २०१८ सालच्या चौदाव्या आठवड्यातला टायर. वरची नक्षी जवळजवळ नवी, पण कडेला बारीक भेगा. "काका, बदलायला लागतील चारी."

"पण चाललेत कुठं एवढे?" प्राध्यापक म्हणाले.

"चालून झिजले नाहीत. उभं राहून वाळलेत."

हे वाक्य मेकॅनिक टायरबद्दल बोलला होता. पण प्राध्यापक एकदम गप्प झाले, आणि खरं सांगायचं तर मलाही आमच्या घरातला पलंग दिसला.

मी टेप लावली. सव्वीस इंच. सीट लांब, पाठ थोडी मागं रेलणारी. मग मी त्यांना स्पष्टच सांगितलं, की गाडी आईसाठी आहे, तिनं बसून पाहिल्याशिवाय मला ठरवता येणार नाही. मला वाटलं, हसतील. ते म्हणाले, "अर्थात! दुसरं कसं ठरवणार?"

दुसऱ्या दिवशी आई आली. रिक्षातून, कण्हत, "कशाला एवढा खर्च" म्हणत, पण ठेवणीतली साडी नेसून. प्राध्यापकांनी मागचं दार उघडलं आणि डिकीतून एक लाकडी पायरी काढून खाली ठेवली. सुताराकडून करून घेतलेली, तळाला रबर ठोकलेली. आई तिच्यावर चढली, वळली, मागच्या मागं सीटवर टेकली आणि मग दोन्ही पाय एकदम आत घेतले. 'एक, दोन, तीन' नाही, काही नाही. मी मधेच वाकून पायरी मोजली. तीन इंच. सव्वीसातून तीन गेले, तेवीस. आमच्या पलंगाची उंची कर्वेनगरातल्या एका सुताराला कशी कळली, असा प्रश्न मला पडला.

तेवढ्यात आईनं आधारासाठी हात वर केला. दारावरची मूठ कुठल्याही गाडीत असते तिथंच होती, म्हणजे आईच्या हातापासून वीतभर वर. पण तिला एका जुन्या साडीच्या काठाचा घट्ट पीळ घालून एक कडी बांधलेली होती. आईच्या हातात ती आपोआप आली. कालही ती तिथं होती. मेहुण्यानं बघितली होती आणि "हे चिंधकाट पहिल्यांदा काढून टाकायचं" असंही म्हणाला होता.

आईनं काठ बोटांनी चाचपला. "इरकल आहे," ती म्हणाली. मग प्राध्यापकांकडं बघून, "त्यांचे गुडघे होते का?"

"संधिवात," प्राध्यापक म्हणाले. "गाडी तिच्यासाठीच घेतली. मला चालवताही येत नव्हती. बहात्तराव्या वर्षी शिकलो. मागंच बसायची. पुढं बसलं की माझं चालवणं दिसतं म्हणायची." ते हसले. "आता दोन वर्षं झाली. मी आठवड्यातून एकदा खाली येऊन चालू करतो, दहा मिनिटं. मग बंद करतो."

कोणी काही बोलेना. मेहुणासुद्धा बोलेना, ही आमच्या घराण्याच्या इतिहासात नोंदवून ठेवण्यासारखी गोष्ट आहे. शेवटी आईच म्हणाली, "एक चक्कर मारून आणा रे."

आम्ही कर्वेनगरातले सात स्पीडब्रेकर घेतले. मी चालवत होतो, पण डोळा आरशात होता. आई दुसऱ्या स्पीडब्रेकरनंतर खिडकीबाहेर बघायला लागली. खाली नव्हे, पायांकडं नव्हे, बाहेर. आरामाचं याहून चांगलं माप मला तरी माहीत नाही.

मग किमतीचं बोलणं निघालं. प्राध्यापकांनी सांगितलं सव्वाआठ लाख. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या पैशांचा व्यवहार केलेला माणूस. माझे पैसे म्हटल्यावर माझी जीभ चालेना. मी टायरांचा विषय काढला. त्यांनी टायरांचे पस्तीस हजार लगेच कमी केले. एवढ्या सहज कमी केल्यावर पुढं घासाघीस करायला मला लाज वाटली. आईला वाटली नाही. मंडईत साठ वर्षं काढलेली बाई ती. गाडीत बसल्या बसल्या तिनं विचारलं, "आणि यावर काय देणार?"

मी डोळे मिटून घेतले. आठ लाखांच्या मोटारीवर आई कोथिंबीर मागत होती!

प्राध्यापक म्हणाले, "काय देऊ, ताई?"

"ती पायरी. आणि ही कडी राहू दे."

"कडी तुमचीच," ते म्हणाले. "ती सोडवायला माझ्याच्यानं झालं नसतं."

पुढचं सगळं कागदांचं, म्हणजे माझ्या राज्यातलं. फॉर्म २९, फॉर्म ३०, विमा चौदा दिवसांच्या आत नावावर करून घेणं, जुने दंड भरलेत का ते बघणं. प्राध्यापकांच्या नावावर एकही दंड नव्हता. ज्या वेगानं ते चालवत असणार त्या वेगाला दंड करायची कायद्यात तरतूदच नाही. विम्यातली, दावा न केल्याबद्दल मिळणारी सवलत गाडीबरोबर येत नाही, ती माणसापाशी राहते. मी ती त्यांना समजावून सांगितली. ते म्हणाले, "चांगलं आहे. काहीतरी राहतं म्हणायचं माणसापाशी."

दिवाळीनंतर आम्ही श्रीवर्धनला गेलो. मुळशी मागं टाकलं, ताम्हिणी उतरलो, माणगाव, म्हसळं. मेहुणा शेजारी बसून ॲव्हरेज काढत होता. बाराच्या आसपास येतंय, डिझेलनं सोळा दिलं असतं, हे त्यानं मला प्रत्येक पंपाशी ऐकवलं. म्हसळ्याच्या पुढं मागून उत्तर यायचं बंद झालं म्हणून मी आरशात पाहिलं. आई झोपली होती. डोकं पाठीला टेकलेलं आणि हात त्या इरकली काठात अडकवलेला, झोपाळ्याच्या कडीत अडकवावा तसा.

मोटार थेट अंगणात गेली. पायरी लावली. आई उतरली, कोणाकडं न बघता काठी टेकत मागल्या दारी गेली आणि पोफळींपाशी उभी राहिली. झाडं अजून बारकी होती. दोनच झाडांना हिरवे बारके घोस. आईनं ते बराच वेळ पाहिले आणि मामेभावाला म्हणाली, "शेणखत कमी पडतंय." ह्याचा अर्थ, सगळं ठीक आहे.

पुण्याला आल्यावर मी प्राध्यापकांना फोन केला. वाटलं, इंजिनाबद्दल विचारतील, क्लचबद्दल विचारतील. ते म्हणाले, "मागं कसं वाटलं ताईंना?"

"झोप लागली होती," मी म्हटलं.

पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग ते म्हणाले, "हिलाही लागायची." आणि लगेच घसा खाकरून, प्राध्यापकी आवाजात, "स्टेपनीतली हवा बघितलीत का? नसेलच बघितली. कोणी बघत नाही. उद्या बघा आणि मला फोन करा!"